अंबाडा

औलीच्या बर्फाळ उतारापाशी, स्कीइंगच्या दुकानात भाड्याचं हेल्मेट काही केल्या खाली बसेना. शरयूबाईंच्या अंबाड्यावर ते टोपलीसारखं डुगडुगत होतं.

“आई, मोठा साइज घे ना,” निनाद वैतागला.

त्यांनी मोठं घालून मान हलवली, तर ते थेट नाकावर आलं. “मी पडले तर हे माझ्याआधी दरीत जाईल,” असं म्हणत त्यांनी ते परत ठेवलं.

“मग राहू दे. या वयात स्कीइंग कशाला? खुर्चीत बसून बर्फ बघ.”

शरयूबाईंनी सगळ्यांसमोर केसांतला एकेक आकडा काढला. लग्नापासून चारचौघांत कधी न सुटलेला अंबाडा खांद्यावर ओघळला. त्यांनी भराभर दोन वेण्या घातल्या, शाळेत घालायच्या तशा, आणि पहिलं हेल्मेट पुन्हा चढवलं. या खेपेला ते कपाळावर चपखल बसलं. हनुवटीखालचा पट्टा लावून त्यांनी जोरात मान हलवली. हेल्मेट तसूभरही सरकलं नाही.

निनाद बघतच राहिला. “बरं, मी उताराखाली थांबतो, तुला धरायला.”

“थांब की,” वेण्या पाठीवर टाकत त्या म्हणाल्या, “फक्त वाटेतून जरा बाजूला उभा राहा.”