ताण

शिरगुप्पेंनी डाळिंबाचं एक पान तोडून बोटांत चुरडलं. ताजं, रसरशीत पान. कडक उन्हातही पानं टिकावीत म्हणून रात्रंदिवस खपून त्यांनी प्रयोगशाळेत तयार केलेल्या नॅनोकणांच्या फवाऱ्याचा गुण आला होता. आता इथंच बांधावर बसून डोळे मिटावेत, असं त्यांना वाटलं.

"ताण बसला की फवारा, म्हणाला व्हता तुमी," बागेची मालकीण मायाक्का म्हणाली. "बहारासाठी पाणी तोडलं, बाग ताणावर सोडली आन् लगेच फवारलं. एक पान गळलं न्हाई. आता एखादं फूल दावा, सायेब."

शिरगुप्पेंनी मान वर केली. शेजारच्या बागा लालभडक फुलल्या होत्या. इथल्या हिरव्यागार झाडांवर कळीसुद्धा नव्हती. शिरगुप्पेंच्या तोंडचा ताण म्हणजे उन्हाळ्याचा तडाखा. डाळिंबवाले मात्र मुद्दाम ताण देतात. झाड तहानलं, पानं गळली, की मगच ते फुलतं. हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! पण कंटाळून सूचना देताना तेवढा खुलासा करायचा राहून गेला होता, आणि बाईंचा वर्षाचा बहार गेला होता.

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या संचालकांचा फोन आला. "काय शिरगुप्पे, झाडांनी ताण सोसला का?"

"सोसायची वेळच आली नाही, सर," ते थकून म्हणाले. "त्यांना तो कळलाच नाही."

"वा! अभिनंदन!"

तो खणखणीत आवाज मायाक्कालाही ऐकू गेला. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"त्यास्नीबी एकदा बागेत आना," ती म्हणाली. "फुलं मोजायला."