रेवाचा होकार

ही गोष्ट २०४९ सालची. मिरजेच्या वर्तनोपचार केंद्रात मुलांच्या मनगटावर पट्टे आले होते. मूल शहाण्यासारखं वागलं की पट्टा अंगात सुखाची लहर सोडायचा. पूर्वी तिथल्या उपचारक केतकीताई त्यासाठी मनुके द्यायच्या. त्यांचा नियम मात्र जुनाच होता: आधी मुलाला विचारायचं, ते नाही म्हणालं की थांबायचं.

"रेवा, सुरू करूया?" ताईंनी समोर बसलेल्या सात वर्षांच्या मुलीला विचारलं.

"हो."

"चार महिन्यांत एकदाही नाही म्हणाली नाही!" तिची आई कौतुकाने म्हणाली. "आधी काय धिंगाणा घालायची बया!"

केतकीताई चरकल्या. "रेवा, कंटाळलीस?"

"हो."

"मजा येतेय?"

"हो." प्रत्येक होकाराला पट्टा लहर देत होता.

ताई पट्टा सोडायला लागल्या. आईने त्यांचा हात धरला. "अहो, तुमचाच नियम ना? विचारा की तिला. रेवा, पट्टा राहू दे ना गं?"

"हो."

ताईंनी नियम पाळला.

पुढच्याच महिन्यात त्यांनी केंद्र सोडलं. रेवा सतरा वर्षांची असताना एका अनोळखी बाईने तिला "येतेस का?" म्हणून विचारलं. आई अजून एसटी स्टँडवर तिचा फोटो दाखवत फिरते.