शेवटचा ठिपका

मेहुणा गॅरेजच्या दारात उभा होता आणि चक्क हसत होता. धाकटी बहीण नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून मिस्त्री याच माणसाची वाट पाहत होता. हातात पान्हा धरूनच पाहत होता म्हणा ना! पण आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. मेहुण्याने कडक इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून फोन काढला आणि त्यावरचा नकाशा पुढे धरला.

"दादा, तिच्या गाडीचा शेवटचा ठिपका इथला दिसतो. तुमच्या गॅरेजमधला. इथून पुढे गाडी गेली कुठे?"

गाड्यांच्या वायरिंगमध्ये मिस्त्रीची हयात गेली होती. हल्लीची गाडी कुठे गेली, किती वेळ थांबली, कुठे करकचून ब्रेक मारला, सगळं मालकाच्या फोनला कळवते, हे तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. "गाडी कसली, चार चाकांवरची चुगलखोर आहे," म्हणायचा. बहीण बाजारात गेली की मैत्रिणीकडे, हे नवऱ्याला घरबसल्या समजायचं ते याच चुगलीतून. मग संध्याकाळी जाब विचारला जायचा. शेवटी जाब विचारता विचारता त्याने तिचा हात मोडला. त्याच मोडक्या हाताने गाडी चालवत ती दादाकडे आली होती.

दादाने डॅशबोर्ड उघडून ती चुगली करणारी डबी उपटली होती. काम एकदम सफाईचं. पण उपटली कुठे? स्वतःच्याच गॅरेजमध्ये! गाडी आधी लांब कुठेतरी माळावर न्यावी आणि मग तार तोडावी, एवढं काही त्या शहाण्या डोक्यात आलं नाही.

"ऑइल बदलून गेली," मिस्त्रीने कानावर हात ठेवले. "पुढचं मला काय ठाऊक? तुमच्या ठिपक्यालाच विचारा."

"बरं," मेहुणा म्हणाला. तो जराही चिडला नाही. "ती शहरातच आहे, एवढं कळलंय मला. माणसं कामाला लावलीत. उद्यापर्यंत सापडेल." जाता जाता त्याने मिस्त्रीच्या पाठीवर हात ठेवला. तो हात गेल्यावरही मिस्त्रीला बराच वेळ पाठीवर जाणवत राहिला.

उद्यापर्यंत! हा माणूस पोकळ धमक्या देणारा नव्हता, एवढं तरी मिस्त्री आता चांगलं ओळखून होता. बंदराजवळच्या वसतिगृहात लपवलेल्या बहिणीला आजच हलवायला हवं होतं. आज कसलं, आत्ताच्या आत्ता.

तो गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. मेहुणा खरोखरच निघून गेला होता. शेजारचा डेंटर नेहमीसारखा पत्रा बडवत होता. अशा गदारोळात फोनवर बोलणार काय, कपाळ? मिस्त्रीने सवयीने हाताशी होती त्या गाडीचं दार उघडलं, आत बसला आणि दार घट्ट ओढून घेतलं. गाडी नवीकोरी होती. एसीला वास येतो म्हणून सकाळीच कुणी गिऱ्हाईक ती सोडून गेलं होतं. आत कशी छान शांतता होती.

"अगं, ऐक. घाबरू नकोस," तो बहिणीला म्हणाला. "तो इथे येऊन गेला. नाही, नाही, मी काही सांगितलं नाही, वेडी आहेस का? पण आता तिथे राहायचं नाही. मी निघतोच. बंदरापर्यंत यायला वेळ लागेल, तोवर तू वसतिगृहाच्या मागच्या दाराशी येऊन थांब. पुढच्या दाराला नको, तिथे दहाजण बघतात. आणि हे बघ, फोन बंद करून उशीखाली टाक. सोबत आणायचा नाही. फोनही काही कमी चुगलखोर नसतो. मी येईपर्यंत जागची हलू नकोस. कळलं ना? दादा आहे ना तुझा!"

ती रडत रडत हो म्हणाली. मिस्त्रीने हुश्श केलं. जिवात जीव आला त्याच्या. पुलावर गर्दी असणार, पण मधल्या रस्त्याने काढू, असा विचार करत त्याने दाराला हात घातला.

तेवढ्यात समोरच्या पडद्यावर हिरवा दिवा लागला.

"दादा," गाडीच्या चारही स्पीकरमधून मेहुण्याचा आवाज आला, अगदी मघासारखाच गोड. "तुम्ही एवढ्या लांबून पूल ओलांडून कशाला येता? मला इथून बंदर जवळ पडतं."

मिस्त्री पडद्यावरची एकेक खूण दाबत सुटला, पण आवाज काही बंद होईना.

"गाडी मित्राची आहे, तिचा माइक माझ्या फोनला जोडलाय. वासबीस काही येत नाही तिला. तुमच्याकडे सदा ठोकाठोक, त्यामुळे बोलायचं झालं की तुम्ही गिऱ्हाइकाच्या गाडीत जाऊन बसता. इतकी वर्षं तुमच्याशी फोनवर बोलतोय, मला ठाऊक नसणार?" पलीकडे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. "मागच्या दाराशी ना?"

दिवा विझला. मिस्त्री दारातून जवळजवळ खाली पडला. त्याने बहिणीचा नंबर लावला, पुन्हा लावला, पुन्हा लावला.

लहानपणापासून दादाचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. फोन बंद होता.