गव्याची टिक्की

अमेरिकेतल्या आम्हा लाकोटा आदिवासींच्या माळावरचे गवे तुम्ही गोऱ्यांनीच मारून संपवलेत आणि बदल्यात आम्हांला रेशनचा मैदा नि डबाबंद चरबी खाऊ घातलीत. परवा तुमच्याच दवाखान्यातली नर्स आमच्या डेल्फीन आजीच्या अंगणात जाळीवर बर्गरची टिक्की भाजून दाखवत होती.

“आजी, हे गव्याचं मांस. चरबी कमी, शुगरवाल्यांना एकदम चांगलं. आता कळप वाढलेत, सहज मिळतं.”

“माझ्या पणजीला सांगायचंस, पोरी. हसून हसून मेली असती.”

नर्स चिमट्याने निखारे सारत असताना एक निखारा डेल्फीनच्या उघड्या पावलावर पडला. ती किंचाळली. कातडी करपल्याचा वास आला, तेव्हा डेल्फीनने खाली पाहिलं. शुगरने बधिर झालेल्या पायाला काहीच कळलं नव्हतं.

“गवे परत आले, बरं झालं,” ती म्हणाली. “माझे पाय कधी परत देणार, तेवढं तुझ्या साहेबांना विचारून सांग.”