लाल फुली
"माइक बिघडलाय साहेब," बाईंनी याही महिन्यात तेच तुणतुणं वाजवलं. खरं तर इंग्रजीचे उच्चार तपासणारं यंत्र वर्गात आल्या दिवसापासून त्याच्या माइकचे सेल बाईंच्या पर्समध्ये होते. पण आज तपासणीला आलेल्या साहेबांनी खिशातून नवे सेल काढले. माइकचा दिवा लागला. "आधी तुम्ही बोला, बाई. मग मुलं." बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. वीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या, पण भर वर्गात त्यांची चूक काढणारं कोणी नव्हतं. त्यांनी कसंबसं वाक्य म्हटलं. यंत्राच्या पडद्यावर भलीमोठी लाल फुली उमटली. साहेबांचं पेन कागदावर चालू लागलं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची, वर्षभर इंग्रजीत चकार शब्द न काढलेली मुलगी उठली. "बाई, तुमचं पण चुकतं?" तिने हात पुढे केला. "मग द्या माइक. मी बोलते."