आजची गोळी

माझे बाबा रंगारी. त्यांचं अर्धं आयुष्य शिडीवर गेलं. रक्तदाबाच्या नव्या गोळीने हृदय निवांत झालं, पण त्या गोळीमुळे उठताना रक्त पायांत उतरलं आणि शिरा वेळेवर आवळल्या नाहीत, तर माणूस कोसळतो. म्हणून डॉक्टर बाबांना फळीवर आडवं बांधून फळीच उभी करणार आणि दाब मोजणार. पास झाले तरच शिडी. बाबांनी मात्र आजची गोळी न घेता माझ्या मुठीत कोंबली. "घेतली म्हणून सांग. चकार शब्द काढलास तर बघ!" फळी उभी झाली. "चक्कर येतेय?" डॉक्टरांनी विचारलं. "छे! इथूनच तुमचं छत रंगवून देऊ का?" दाब झकास. डॉक्टरांनी परवानगीवर सही करायला पेन काढलं. चक्कर मलाच आली. मूठ उघडली, तर गोळी घामाने विरघळून तळवा गुलाबी. तो डॉक्टरांपुढे धरून म्हणालो, "बाबांना पुन्हा आडवं करा, डॉक्टर."