लाल दिवा न लागणारा कॅमेरा

“अहो, कॅमेरा घेताय की जावई बघताय?” सुशीलाबाईंनी शेवटी विचारलंच.

तापकीर गल्लीतल्या कासिमभाईंच्या दुकानात ज्ञानदेव केव्हाचे ठाण मांडून बसले होते. एकेक व्हिडिओ कॅमेरा उचलायचा, नारळासारखा कानाशी नेऊन हलवायचा, परत ठेवायचा. झूमचं कौतुक नाही की रंगांचं. विचारणं एकच, “माईक कुठं असतो हो याचा?” टेलिफोन खात्यात जन्म गेलेला माणूस, दुसरं काय विचारणार!

“तू तुळशीबागेत जाऊन ये बरं. सेफ्टी पिना राहिल्यात ना तुझ्या? तोवर मी उरकतो.”

बाई निघाल्या. त्यांना या कॅमेऱ्यात काडीचा रस नव्हता. आपलं घशाचं ऑपरेशन तोंडावर आलेलं आणि या माणसाला हौस सुचतेय! अर्थात त्याला तरी काय बोल लावणार? ‘साधी गाठ आहे,’ असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. खरं काय ते त्यांना आणि लेकीला, भाग्यश्रीला, तेवढं ठाऊक. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. जीव वाचेल, आवाज जाईल. नवऱ्याला आधी कळलं तर तो हातपाय गाळून बसेल, मग त्याला सावरायचं की स्वतःला? भाग्यश्रीला त्यांनी गळ्याची शपथ घातली होती. आवाज घोगरा झाला होताच. कुणी विचारलं की म्हणायचं, सर्दी.

पिना घेऊन परत आल्या तोवर खरेदी उरकलेली. कासिमभाई पायरी उतरून आले. “वहिनी, तब्येतीला जपा हं,” म्हणाले. मोठा अदबशीर माणूस, बाईंना वाटलं.

विश्रांतवाडीला घरी आल्यावर भाग्यश्रीने खोका उघडला आणि कपाळाला हात लावला. खराडीला आयटी कंपनीत नोकरीला होती ती, तिला यातलं सगळं कळायचं. “बाबा, डिस्प्लेचा पीस गळ्यात मारला की तुमच्या! पुढचा लाल दिवाच लागत नाही. शूटिंग चालू की बंद, समोरच्याला कळणार कसं?”

“म्हणून तर परवडला. मी तोंडाने सांगेन की,” ज्ञानदेव म्हणाले.

आणि सांगायला लागले. “हं, चालू केला. बोल काहीतरी.” एरवी पोळ्या लाटता लाटता अख्ख्या सोसायटीचा समाचार घेणाऱ्या सुशीलाबाई लगेच पदर सारखा करायच्या आणि मिठाची गुळणी धरल्यागत गप्प उभ्या राहायच्या. “केला बंद,” असं ऐकलं की सुटायच्या. “बरं झालं. काय मेलं ते खूळ! आणि काल आणलेली गवार बघितलीत का? दोरखंड नुसते. भाजीवाल्याने तुम्हाला ओळखलंच असणार लांबून.”

ज्ञानदेव हसायचे. कॅमेरा तसाच हातात लोंबकळत असायचा.

एकदा म्हणाले, “उखाणा घे ना एखादा. लग्नात घेतला होतास, त्यानंतर नाव म्हणून घेतलं नाहीस माझं.”

“चळ लागलाय का? या वयात उखाणा!”

“राहिलं. हा बघ, केला बंद.” कॅमेरा फ्रीजवर ठेवून ते कोथिंबीर आणायला खाली गेले.

घरात कुणी नव्हतं. आता नाही घेतलं नाव तर कधी घेणार? पण त्या भिंगासमोर जीभ रेटायची नाही, हेही खरं. फ्रीजला टेकून, स्वतःशीच, घोगऱ्या आवाजात त्या म्हणाल्या, “चहाला साखर कमी, पण भांडणाला गोडी, ज्ञानदेवरावांची नि माझी मुलखावेगळी जोडी.” आणि एकट्याच लाजल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आल्यावर सवयीने ‘अहो’ म्हणायला तोंड उघडलं, तर नुसते ओठ हलले. ज्ञानदेव मात्र हातपाय गाळून वगैरे बसले नाहीत. शांतपणे जवळ आले, “काय हवंय?” म्हणाले. बाईंना नवलच वाटलं.

रविवारी भाग्यश्रीने कॅमेरा टीव्हीला जोडला. पडद्यावर फरशी. टेबलाचा पाय. बाईंच्या चपला. चित्रात दम नव्हता, पण आवाज खणखणीत: “काय मेलं ते खूळ! आणि काल आणलेली गवार...” पदर सावरून उभ्या राहिलेल्या सुशीलाबाई मात्र कुठंच नव्हत्या.

“बाबा! उलटंच बटण दाबत होतात तुम्ही! चालू म्हणाल तेव्हा बंद, बंद म्हणाल तेव्हा चालू!” भाग्यश्री हसत सुटली.

“मला कुठं कळतंय त्यातलं,” ज्ञानदेव पुटपुटले.

मग स्वयंपाकघराचं छत दिसलं आणि उखाणा ऐकू आला. ज्ञानदेवांनी चष्मा काढला. बाईंनी तोंडाला पदर लावला. हसू येत होतं आणि रडूही, दोन्ही बिनआवाजाचं. “पेज बघतो,” असं म्हणून ज्ञानदेव आत गेले.

‘परत लाव,’ बाईंनी हाताने खुणावलं. भाग्यश्रीने टेप पार सुरुवातीपर्यंत मागे नेली.

पडद्यावर कासिमभाईंचं काउंटर हललं.

“साहेब, दिवा चांगला लागतोय की. मुद्दाम कशाला बंद करायचा?”

“करा बंद. दिवा दिसला की हिचं तोंड मिटतं. चित्र कसंही येऊ दे, आवाज तेवढा नीट हवा. डॉक्टरांना भेटून आलोय मी.” मग नोटा मोजल्याचा आवाज. “आणि हे बघा, आता ती पिना घेऊन येईल. मला सगळं ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नका. लपवायला किती धडपडतेय बिचारी.”